ओळख कॅमेऱ्याची (भाग ७) : डी९० विकून झेड८ घ्यावा का?

निकॉनचा डी९० ऑगस्ट २००८ मध्ये आला आणि झेड८ मे २०२३ मध्ये. पहिला हौशी माणसाला जमेल अशा मधल्या किमतीचा. दुसऱ्याची नुसती बॉडी आली तेव्हाच साडेतीन लाखांच्या घरात होती. दोघांत पंधरा वर्षांचं अंतर आहे. मागच्या भागात लेन्स पाहिल्या, आता बॉडीकडे वळू. जुनी काढून नवी घ्यावी का, हा प्रश्न आपल्याकडे फक्त लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या स्टुडिओवाल्याला पडत नाही. भोसरी-चाकण पट्ट्यात स्वतःच्या जॉबचे फोटो स्वतःच काढणारे छोटे कारखानदार पुष्कळ आहेत, त्यांनाही तो पडतो.

तेव्हा जॉबपासूनच सुरुवात करू. समजा, ॲल्युमिनियम कास्टिंगवर मशिनिंग केलेलं एक पंप हाउसिंग आहे. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये प्रदर्शन आहे, त्यासाठी कॅटलॉग छापायचा आहे. कूलंटचा तेलकट थर पुसला, कडेला राहिलेली बर काढली, जॉब टेबलावर ठेवला, दोन्ही बाजूंना सॉफ्टबॉक्स लावून फ्लॅश जोडले आणि कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला. डी९० चा फोटो ४२८८ बाय २८४८ पिक्सेलचा, म्हणजे १२.३ मेगापिक्सेल. ए-फोर आकाराचं पूर्ण पान ३०० डीपीआयने छापायला लांबीकडून साधारण ३५१० पिक्सेल पुरतात. म्हणजे पान भरून वर शिल्लक उरते. झेड८ चे ४५.७ मेगापिक्सेल या पानावर दिसणारच नाहीत.

उलट, इथे मोठ्या सेन्सरची थोडी अडचणच होते. समोरच्या बोअरच्या कडेपासून मागच्या फ्लँजच्या होलपर्यंत सगळं शार्प हवं असतं. डी९० चा सेन्सर छोटा, २३.६ बाय १५.८ मिलिमीटरचा. त्यावर एफ/८ ला जितकी खोली शार्प मिळते, तितकीच तशाच फ्रेममध्ये झेड८ च्या ३५.९ बाय २३.९ मिलिमीटरच्या सेन्सरवर मिळवायला एफ/१२ च्या आसपास जावं लागतं. तेवढा प्रकाश कमी झाला, की फ्लॅशची ताकद वाढवा नाहीतर आयएसओ. मोठ्या सेन्सरने जे कमावलं, ते असं परत जातं. टेबलावरच्या कामासाठी कोणी साडेतीन लाख घालत असेल तर मी त्याला हात जोडून सांगेन, त्यातले वीस-पंचवीस हजार बऱ्या फ्लॅशवर आणि एका मॅक्रो लेन्सवर घाला आणि बाकीचे बँकेत ठेवा.

कॅमेरा टेबलावरून उचलून शेडमध्ये नेला की चित्र पालटतं. मोठ्या प्लांटच्या गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही स्टिकर लावतात, तेव्हा ही कामं बहुधा त्यांना माल पुरवणाऱ्या व्हेंडरच्या शेडमध्येच निघतात. सेकंड शिफ्ट चालू आहे, वर एलईडी आहेत, खाली व्हीएमसीच्या ओळी, ऑपरेटर जॉब फिक्स्चरमध्ये बसवतो आहे. त्याला ‘जरा थांबा’ म्हटलं की फोटोतला जीवच जातो. फ्लॅश मारला तर मशीनच्या काचेवर पांढरा डाग. म्हणजे आहे त्या उजेडात आणि हलत्या माणसावरच काम करायचं.

झेड८ च्या सेन्सरचं क्षेत्रफळ डी९० च्या २.३ पट आहे, म्हणून तेवढ्याच एक्स्पोजरला तो एकूण प्रकाश तितक्या पटीने जास्त गोळा करतो. गंमत म्हणजे त्याचा एकेक पिक्सेल मात्र डी९० पेक्षा लहान आहे: डी९० चा साडेपाच मायक्रॉन, झेड८ चा सव्वाचारच्या जरा वर. ‘मोठा पिक्सेल म्हणजे कमी दाणे’ असं दुकानात सांगतात ते अर्धंच खरं आहे. फोटो एकाच आकारात छापला की हिशेब एकूण प्रकाशाचा होतो. शिवाय सिग्नल वाचणारी सर्किटं पंधरा वर्षांत फार सुधारली. डी९० चा नेहमीचा आयएसओ ३२०० ला संपतो, आणि १६०० च्या पुढेच मशीनखालच्या सावलीत रंगीत दाणे दिसू लागतात. झेड८ चा २५,६०० पर्यंत जातो.

एलईडीची भानगड मात्र दोघांनाही छळते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही. पण शटर १/५०० वर ठेवलं की एक फोटो उजळ, पुढचा काळपट, एखाद्यात आडवा पट्टा. उपाय सोपा आहे: शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवायचं, म्हणजे दिव्याचं एक किंवा दोन पूर्ण चक्र फोटोत येतं. मग ऑपरेटरचा हात थोडा पुसट येतो, तो येऊ द्यावा. काही एलईडीचे ड्रायव्हर याहून कितीतरी वेगाने दिवा चालू-बंद करतात, तिथे हा उपायही पुरा पडत नाही. झेड८ मध्ये शटरचा वेग अगदी बारीक पायऱ्यांनी सरकवून दिव्याशी जुळवता येतो आणि पट्टे गेले की नाही ते फोटो काढण्याआधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. डी९० च्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून डोळ्याला दिसतं तेवढंच दिसतं. पट्टा सापडतो तो नंतर.

झेड८ ला शटरचा पडदाच नाही, हे अनेकांना पटत नाही. स्टॅक्ड सेन्सरमध्ये वाचनाची सर्किटं आणि मेमरी सेन्सरच्या मागेच थरांत बसवलेली असतात, म्हणून सगळ्या ओळी जवळजवळ यांत्रिक पडद्याच्याच वेगाने वाचून होतात. मग पडदा हवा कशाला? डी९० हा व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर, पण त्याचा सेन्सर व्हिडिओत ओळी इतक्या सावकाश वाचतो की फिरता भाग वाकडा दिसतो. त्यात ७२० पीची एक क्लिप पाच मिनिटांची, आणि शूटिंग चालू असताना फोकस हातानेच. कारखान्याची फिल्म करायची असेल तर त्याचं नावही काढू नये. मात्र बिनआरशाच्या कॅमेऱ्यात सेन्सर सतत उघडा असतो, हेही विसरू नये. लेझर मार्किंग किंवा कटिंगच्या मशीनकडे तो रोखला तर सेन्सर कायमचा जाऊ शकतो.

फोकसचा फरक बघायचा तर ज्येष्ठात तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, त्या संध्याकाळी बघावा. उजेड उतरलेला, वर पावसाची भुरभुर, समोर नाचत येणारी दिंडी. डी९० ला ११ फोकस पॉइंट आहेत आणि त्यांतला मधला एकच क्रॉस प्रकारचा, अंधुक उजेडातही नीट पकडणारा. झेड८ ला ४९३, आणि तो वारकऱ्याचा डोळा शोधून त्याला धरून ठेवतो. डी९० सेकंदाला साडेचार फोटो काढतो, झेड८ रॉमध्ये वीस. डी९० वर पालखीचे उत्तम फोटो काढलेले लोक आहेत, पण तिथे कॅमेऱ्यापेक्षा माणसाची तयारी जास्त लागते.

जुन्याच्या बाजूनेही दोन गोष्टी आहेत. निकॉनच्या मोजणीनुसार डी९० ची बॅटरी ८५० फोटो चालते, झेड८ ची साडेतीनशेच्या आत. आणि घरात ५० एमएम एफ/१.८ डीसारख्या जुन्या लेन्स असतील, तर त्यांना फोकस करणारी मोटर डी९० च्या बॉडीत आहे. झेड८ ला निकॉनचा ॲडॅप्टर लावला तरी त्या लेन्स हातानेच फोकस कराव्या लागतात. नव्या बॉडीच्या किमतीत लेन्सचा हा खर्च दुकानदार धरत नाही, तुम्ही धरा.

माझा कौल असा: काम टेबलावरचं असेल आणि उजेड तुमचा असेल, तर जुना ठेवा. दुसऱ्याच्या उजेडात हलत्या माणसांवर पोट चालत असेल, तर नवा घ्या. आणि कोणी सेकंडहँड डी९० विकत असेल तर एक करा. त्याचं शटर निकॉनने एक लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे आणि आजवर किती क्लिक झाले तो आकडा फोटोच्या एग्झिफ माहितीत असतो. विकणाऱ्याकडून तुमच्यासमोर एक फोटो काढून घ्या, आकडा बघा आणि मगच पैसे द्या.