तिथीवर चालणारं पाणी

भरतीची वेळ काढायला आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या कोळ्यांना पंचांग पुरत असे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी भरणार. आणि साडेबारा तासांच्या आत पुन्हा एकदा. अष्टमीला सहा. हा हिशेब खगोलशास्त्राला लावून पाहावा. सूर्याच्या तुलनेत चंद्र तीस तिथींत आकाशाचा एक पूर्ण फेरा मागे पडतो. चोवीस तास भागिले तीस, म्हणजे तिथीमागे 48 मिनिटं. कोळ्यांची पाऊणपट 45 मिनिटं धरते. फरक अवघा तीन मिनिटांचा! घड्याळ नसताना, पिढ्यानपिढ्या पाण्याकडे बघत बसवलेलं हे गणित आहे, आणि मला ते कुठल्याही उपकरणाइतकंच थोर वाटतं.

मुंबईसमोरच्या न्हावा शेवा बंदरात हे गणित समोर चालताना दिसतं. पश्चिमेला घारापुरी, उत्तरेला पनवेलची खाडी, डोक्यावर 2024 साली खुला झालेला अटल सेतू आणि खाली गढूळ, तपकिरी पाणी. हे पाणी एका दिशेला वाहतच नाही. सहा तास आत शिरतं, सहा तास बाहेर पडतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीतलं अंतर सरासरी साडेतीन मीटरहून जास्त असतं. अष्टमीच्या सुमाराला, म्हणजे भांगाला, जेमतेम दीड. गोव्यात ते उधाणालाही दोन मीटरच्या आसपास, तर भावनगरला दहा मीटरपर्यंत. मुंबईपाशी समुद्रातला उथळ मंच रुंद होतो आणि पुढे खंबातचं आखात निमुळतं होत जातं, म्हणून भरतीची लाट उत्तरेकडे जाता जाता फुगत जाते. कोळ्यांचं डोल जाळं याच ओढीवर चालतं. ते पाण्यात रोवून ठेवायचं, मासळी प्रवाहच आणून घालतो. भांगाला ओढ मंदावते, मग डोलही थंडावतो.

ही खाडी म्हणजे खरं तर बुडालेली दरी. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा 120 मीटर खाली होती आणि किनारा दोनशे किलोमीटरहून जास्त पश्चिमेला. आजच्या बंदराच्या जागी तेव्हा ओढे-नद्या वाहत होत्या. बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि दऱ्यांत शिरला. इथली जमीनही जागच्या जागी राहिलेली नाही. बंदराच्या पलीकडच्या काठावर, मुंबईत, 1870च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना भरतीच्या रेषेच्या पुष्कळ खाली, चिखलात, झाडांचे शेकडो बुंधे सापडले. त्यांतले कितीतरी मुळांसकट उभेच्या उभे. लाकूड खैराचं. खैर हे कोरड्या डोंगरउताराचं झाड, खाऱ्या पाण्यात ते तग धरत नाही. म्हणजे जिथे जहाजं लागतात तिथे कधीकाळी रान होतं.

मग या खाडीची नदी कुठली? पनवेलच्या खाडीला मिळणारी गाढी माथेरानच्या डोंगरातून येते. लांबीने तोकडी, पण माथेरानचा पाऊस अंगावर घेऊन उतरणारी. पावसाळ्याचे चार महिने तिचा जोर, आणि उरलेले आठ महिने खाडीवर राज्य भरतीचं.

या दोन पाण्यांच्या भेटीत एक विलक्षण गोष्ट घडते. डोंगरावरून आलेले मातीचे अतिसूक्ष्म कण गोड्या पाण्यात तरंगत राहतात, कारण प्रत्येकावर ऋण विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. खाऱ्या पाण्यातले क्षार हा दुरावा मोडून काढतात. लिंबू पिळल्यावर दूध फाटावं तसे कण गुठळ्या धरतात, जड होतात आणि पाणी क्षणभर थांबलं की तळाला बसतात. तिवरांची मुळं ज्यात उभी आहेत आणि ज्यावर रोहित पक्षी चरतात, तो चिखल असा तयार होतो. त्याला जहाजांचा मार्ग आणि मोकळं पाणी यांतला फरक कळत नाही. खोल केलेल्या भागात प्रवाह मंदावतो, तिथे तो अधिकच साचतो. त्यामुळे 1989 साली सुरू झालेल्या या बंदरात गाळ उपसण्याचं काम कायमचं. गाळ कुठे बसेल, प्रवाह कुठे वळेल, याचा अभ्यास खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात होत आला आहे.

खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत, शेतकऱ्यांनी हेच पाणी आपल्या रीतीने हाताळलं. खाडीकाठी बांध आणि बांधात उघाडी. उघाडीचं दार फक्त बाहेरच्या बाजूला उघडतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. भरती आली की खाडीच ते दाबून बंद करते. माणसाने हात लावायची गरज नाही. दिवसातून दोनदा दार समुद्रच लावतो, आणि आत भात पिकतो.

आता पिण्याच्या पाण्याकडे वळू. न्हावा शेवा पाणीपुरवठा योजना पाणी उचलते ते पाताळगंगेतून. ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते, आणि त्याचं कारण घाटावर आहे. वळवण, लोणावळा, शिरवटा ही टाटांची धरणं भीमेच्या खोऱ्यातली. तिथला पाऊस एरवी इंद्रायणी, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळाला असता. 1915पासून तो पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून नळांतून खोपोलीला उतरतो, वीज तयार करतो आणि पाताळगंगेत सोडला जातो. न्हावा शेव्याच्या नळाला येणाऱ्या पाण्यात सह्याद्रीच्या पलीकडचा, पूर्वेला जायला निघालेला पाऊस असतो.