शेकोटीच्या उबेत, दूरच्या दर्यावर

थंडी पडली की बचत गटाची बैठक लवकर आटोपते, पण बायका लवकर उठत नाहीत. शेकोटीभोवती बसून गप्पा रंगतात. कुणाच्या मांडीवर मांजर असतं, कुणाच्या पायाशी कुत्रं वेटोळं घालून पडलेलं असतं. आज बोलायचं आहे ते अशाच एका हिवाळ्याबद्दल. त्या हिवाळ्यात आम्ही दोन कामं बरोबरीनं केली. घरची शेळ्या-कोंबड्या, कुत्री-मांजरं थंडीतून सांभाळली, आणि हजारो कोस दूर समुद्रावर चाललेली शिडाच्या बोटींची एक शर्यत मोबाईलवर पाहिली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. तेच आज सांगायचं आहे.

आधी शर्यतीची ओळख करून घेऊ. तिचं नाव गोल्डन ग्लोब. बोटीत एकच माणूस असतो. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघायचं आणि कुठंही न थांबता, कुणाची मदत न घेता पृथ्वीला फेरा मारून परत तिथंच यायचं. अंतर सुमारे ३० हजार सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे हे अंतर ५५ हजार किलोमीटरच्या घरात जातं. बोट असते ३२ ते ३६ फुटांची, आपल्या एसटीएवढीच. वेग म्हणाल तर ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, सायकलवर रमतगमत जाणाऱ्या माणसाइतका. आणि दिशा शोधायला उपग्रहाचं यंत्र वापरायचं नाही. सूर्य-तारे पाहून, कागदी नकाशावर रेघा ओढून वाट काढायची. संकटासाठी एक यंत्र दिलेलं असतं, पण ते मोहरबंद पेटीत.

ही शर्यत पहिल्यांदा झाली १९६८-६९ मध्ये. नऊ जण निघाले, एकच पोहोचला, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्यांना ३१२ दिवस लागले. त्यांची ‘सुहैली’ नावाची बोट बांधली होती आपल्या मुंबईत, सागवानी लाकडाची, इथल्याच कारागिरांनी. म्हणजे जगाला एकट्यानं न थांबता फेरा मारणारी पहिली बोट मुंबईची! पुढं गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. तिच्यावरून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्याच बोटीवरून २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठंही न थांबता फिरून आले. गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’वरून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या. त्यामुळं समुद्र आपल्यापासून लांब असला तरी ही गोष्ट परकी नाही.

आम्ही पाहिली ती २०२२ ची शर्यत. सप्टेंबरमध्ये १६ जण निघाले. त्यात बाई एकच, दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर. आणि आपले अभिलाष टॉमी. २०१८ च्या शर्यतीत वादळात त्यांची डोलकाठी मोडली होती आणि पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली होती. तीन दिवसांनी त्यांची सुटका झाली. पाठीत धातूच्या सळ्या बसवलेला तो माणूस चार वर्षांनी पुन्हा निघाला होता.

बोटींवर ठावठिकाणा कळवणारं यंत्र असतं. गंमत अशी, की बोट कुठं आहे हे आपल्याला मोबाईलवर दिसतं, पण बोटीतल्या माणसाला इतर बोटी दिसत नाहीत. दर बैठकीला आम्ही शाळेतून पृथ्वीचा गोल आणायचो आणि त्यावर टिकल्या चिकटवायचो. कर्स्टनची लाल, अभिलाषची हिरवी. सायकलच्या वेगाची शर्यत म्हटल्यावर आठवड्यात टिकली बोटभरच सरकायची. घाई नाही, गोंगाट नाही. लोकर विणता विणता पाहावी अशीच ती शर्यत.

पण एका प्रश्नानं सगळ्यांना अडवलं. डिसेंबरात दक्षिणेकडं उन्हाळा असतो, मग बोटीवरची माणसं थंडीनं का काकडतात? उत्तर गोलावरच सापडलं. आपला नाशिक जिल्हा विषुववृत्ताच्या उत्तरेला वीस अंशांवर. बोटी जातात दक्षिणेला चाळीस ते छप्पन्न अंशांवर. दक्षिण अमेरिकेचं टोक, केप हॉर्न, जवळजवळ ५६ अंशांवर आहे. त्याच्या खाली बर्फाचा अंटार्क्टिका. त्या पट्ट्यात वाऱ्याला अडवायला जमीनच फारशी नाही. वारा पश्चिमेकडून पूर्वेकडं धावत राहतो, लाटा डोंगराएवढ्या होतात. त्यात कपडे ओले. वारा आणि ओल एकत्र आली की पारा फार खाली नसला तरी अंगातली ऊब निघून जाते.

हे ऐकून शेळ्या पाळणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “अगं, म्हणजे आमच्या गोठ्यासारखंच की!” मावशींचं बोलणं सोळा आणे खरं होतं. आमच्याकडं निफाडचा पारा कडक थंडीत पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. धडधाकट, कोरडी, पोटभर खाल्लेली शेळी अशी थंडी काढते. तिच्या केसांत हवा अडकलेली असते, तीच तिची गोधडी. केस भिजले की ती हवा जाते. वर वाऱ्याचा झोत लागला की गोधडी पांघरूनही काही उपयोग नाही. म्हणून थंडीत पहिला प्रश्न ‘गोठा गरम आहे का’ हा नाही. ‘गोठा कोरडा आहे का आणि जनावराच्या उंचीवर वारा लागतो का’ हा आहे.

त्यावरून आम्ही गटात काही गोष्टी ठरवल्या. त्या तुम्हालाही उपयोगी पडतील.

वारा येतो त्या बाजूला गोणपाटाचे पडदे लावायचे, पण जनावराच्या उंचीपर्यंतच. वरची बाजू उघडी ठेवायची. सगळा गोठा बंद केला तर मुताचा उग्र वास कोंडतो, ओल धरते आणि जनावरं खोकू लागतात. खाली भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट जाड अंथरायचं, ओलं झालं की काढायचं. बंद गोठ्यात कोळशाची शेगडी कधीच ठेवायची नाही. आगीची भीती तर असतेच, शिवाय तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. माणूस किंवा जनावर झोपेतच दगावतं.

करडू जन्मलं की ताबडतोब कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि पहिल्या तासाभरात आईचा चीक पाजायचा. दिवसभरात त्याच्या वजनाच्या सुमारे दहावा भाग चीक पोटात जायला हवा. दोन किलोच्या करडाला साधारण २०० मिलिलिटर, तोही थोडा थोडा करून. करडू मलूल दिसलं तर त्याच्या तोंडात बोट घालून पाहा. तोंड गार लागलं आणि ते बोट चोखत नसलं, तर आधी ऊब द्या, मग चीक. थंडगार करडाला बळेच पाजलं तर चीक फुप्फुसात जातो.

कोंबडीच्या पिलांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला ती थोडी थोडी कमी करायची. थर्मामीटर नसेल तर पिलंच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब पळाली, चोच उघडून धापा टाकू लागली तर उकडतं आहे. सगळीकडं पसरून दाणे टिपत असतील तर ऊब बेताची आहे.

कुत्र्या-मांजरांसाठी जमिनीपासून जरा उंचावर गोणपाट पुरे. मात्र सकाळी चूल पेटवण्याआधी राखेत हात फिरवा, मांजराची पिलं उबेला तिथं शिरतात. ट्रॅक्टर किंवा गाडी सुरू करण्याआधी टपावर दोन थापा मारा, खाली कुणी झोपलेलं असू शकतं.

आता शर्यतीकडं परत जाऊ. १८ नोव्हेंबर २०२२ ला फिनलंडचे टॅपिओ लेहटिनेन यांची बोट हिंदी महासागरात अवघ्या काही मिनिटांत बुडाली. ते रबरी तराफ्यावर एकटे. मोठं जहाज लांब होतं. जवळ होती ती कर्स्टन, सुमारे शंभर मैलांवर. ती शर्यतीत जिंकायला निघालेली. तरी तिनं बोट वळवली. रात्रभर स्वतः सुकाणू धरून ती गेली. या कामासाठी तिला मोहरबंद यंत्र वापरायची परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तराफा गाठला, टॅपिओंना आपल्या बोटीवर घेतलं आणि नंतर ‘दर्या गायत्री’ नावाच्या मालवाहू जहाजावर पोहोचवलं. मग शीड वळवून पुन्हा आपल्या वाटेला लागली. गेलेला वेळ शर्यतीत तिला परत धरून दिला गेला.

ही हकीकत वाचून दाखवली तेव्हा बैठकीत कुणी बोललं नाही. त्याचं कारण होतं. गटाच्या अंतर्गत कर्जातून आमच्या सात जणींनी शेळ्या घेतल्या होत्या आणि त्या ऐन थंडीत विणार होत्या. एक करडू दगावलं तर एका बाईचे कर्जाचे कितीतरी हप्ते बुडतात. त्यात दोघी एकट्या राहणाऱ्या. रात्री दोन वाजता शेळी अडली तर त्यांनी हाक कुणाला मारायची?

त्याच दिवशी वहीत एक पान नवं उघडलं. कुणाची शेळी कधी विणार, आणि सर्वांत जवळचं घर कुणाचं. नात्यातलं घर नव्हे, मनाला जवळचं नव्हे, पावलांनी जवळचं. हाक आली की त्या घरानं जायचं. भांडण असलं तरी जायचं. जाणारीची दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडाली तर तेवढी रक्कम गटानं द्यायची. पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा क्रमांक प्रत्येकीच्या दारामागं खडूनं लिहिला. डिसेंबरात एकीची शेळी पहाटे व्याली, तीन करडं. तिसरं गार पडलेलं. बांधावरून अबोला असलेली शेजारीण कंदील घेऊन आली, करडू पदरात घेऊन तासभर चुलीपाशी बसली. करडू जगलं. अबोला मात्र एवढ्यावर सुटला नाही, त्याला होळी उजाडावी लागली.

फेब्रुवारीत कर्स्टन आणि अभिलाष तीन दिवसांच्या अंतरानं केप हॉर्नला वळसा घालून गेले. मधेच अभिलाष यांनी बोटीच्या संडासाचं दार कापून सुकाणूच्या यंत्राची दुरुस्ती केली, त्यावर आम्ही आठवडाभर हसत होतो. २७ एप्रिल २०२३ ला कर्स्टन पहिली आली, २३५ दिवसांनी. एकट्यानं जगाला फेरा मारण्याची शर्यत जिंकणारी ती पहिली बाई. दोन दिवसांनी अभिलाष दुसरे आले. न थांबता पोहोचलेले एकूण तीनच.

ही शर्यत दर चार वर्षांनी होते. २०२६ च्या हिवाळ्यात तुमच्या गटातही शाळेचा गोल आणा, टिकल्या लावा, मुलींना अक्षांश-रेखांश शिकवा. पण त्याची वाट न पाहता दोन कामं याच आठवड्यात करा. पहिलं, रात्री गोठ्यात जाऊन शेळीच्या पाठीच्या उंचीवर ओला तळहात धरा; गार झोत लागला तर तिथं गोणपाट बांधा. दुसरं, पुढच्या बैठकीत प्रत्येकीला विचारा, “रात्री हाक मारलीस तर पहिली कोण पोहोचेल?” जिच्याकडं उत्तर नसेल तिचं नाव वहीत सर्वांत वर लिहा.