आचोळ्याचा फ्रीज भोयदापाड्याला का पोचत नाही?

पावसाचा जोर वाढला की नालासोपारा पूर्वेच्या आचोळे रोडच्या तळमजल्यावरच्या घरांत पहिली धावपळ फ्रीज आणि इन्व्हर्टर उचलून ठेवण्याची असते. जुलै 2018 मध्ये त्याचाही उपयोग झाला नाही. नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, वडोदरा एक्सप्रेस अडकली, प्रवाशांना एनडीआरएफच्या जवानांनी बाहेर काढलं. पाणी ओसरल्यावर घराघरांतून मोटर जळलेली वॉशिंग मशीन, चिखल भरलेले कॉम्प्रेसर आणि मदरबोर्ड भिजलेले टीव्ही बाहेर पडले. दरवर्षी इतकं पाणी भरत नाही, पण थोड्याफार प्रमाणात हे नालासोपारा पूर्वेला चुकत नाही. भिजलेलं, बिघडलेलं किंवा नुसतं जुनं झालेलं यंत्र दारात आलं की ते बहुतेक वेळा भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतं.

खरं तर या यंत्रांची रीतसर विल्हेवाट लावणारा कारखाना आचोळ्यापासून काही किलोमीटरवरच आहे. वसई पूर्वेला सातिवली रस्त्यावर, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या बाजूला भोयदापाडा आहे. तिथे ‘इको रिसायकलिंग’ म्हणजे ‘इकोरेको’ ही कंपनी ई-कचरा हाताळते. 1994 साली ‘इन्फोट्रेक सिसकॉम’ या नावाने नोंदलेली ही कंपनी पुढे बी. के. सोनी यांच्या नेतृत्वाखाली पूर्णपणे ई-कचऱ्याकडे वळली आणि नावही बदललं. ई-कचरा हा शब्द लोकांच्या तोंडी रुळण्याआधीच या धंद्यात उतरलेल्या देशातल्या पहिल्या काही कंपन्यांत तिची गणना होते. तिचे शेअर मुंबई शेअर बाजारात नोंदलेले आहेत. वर्षाला 7,200 टनांची क्षमता तिने अलीकडच्या वर्षांत बरीच वाढवली आणि लिथियम-आयन बॅटऱ्यांचं कामही हाती घेतलं. बँका आणि मोठ्या कचेऱ्यांना आपल्या हार्ड डिस्कमधली माहिती बाहेर जाण्याची धास्ती असते. त्यांच्यासाठी कंपनीने एक फिरती गाडी तयार केली आहे. ती दारात येते आणि डिस्क तिथेच नष्ट करते.

अधिकृत कारखान्यात काम कसं चालतं, हे जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरून चांगलं कळतं. मागचं प्लास्टिकचं कवच आधी निघतं. मग ट्यूबच्या मानेवरची तांब्याची गुंडाळी उतरवतात. ट्यूबच्या आत पोकळी असते, म्हणून आधी हवा सावकाश आत सोडावी लागते, नाहीतर काच फुटून अंगावर येते. त्यानंतर पुढची काच आणि मागचा नरसाळ्यासारखा भाग वेगळे केले जातात, कारण शिसं असतं ते मुख्यतः मागच्या काचेत. पुढच्या काचेला आतून चिकटलेली फॉस्फरची भुकटी उडू न देता यंत्राने ओढून घेतात. एवढा खटाटोप झाला की काच एकीकडे, तांबं दुसरीकडे आणि विषारी भुकटी बंद पिंपात जाते.

हाच टीव्ही एखाद्या गल्लीत फुटतो तेव्हा हातोड्याच्या एका घावात तांब्याची गुंडाळी मोकळी होते. शिशाची काच आणि भुकटी गटारात किंवा नाल्याच्या काठावर पडते. फ्रीजचंही तसंच. कॉम्प्रेसर विकण्यासाठी नळी कापली की आतला वायू फस्सकन हवेत जातो, आणि जुन्या फ्रीजमधला वायू बहुतेकदा कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट उष्णता धरून ठेवणारा असतो. अधिकृत ठिकाणी हा वायू आधी सिलिंडरमध्ये ओढून घ्यावा लागतो. वायरींची गोष्ट तर कुणालाही माहीत आहे. प्लास्टिक जाळलं की तांबं हाती येतं आणि त्या धुराबरोबर डायॉक्झिनसारखी घातक रसायनं आसपासच्या वस्तीत पसरतात. सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवून सोनं काढणारे हात उघडे असतात, आणि उरलेलं ॲसिड नाल्यात ओतलं जातं.

तरीही भंगारवाल्याला खलनायक ठरवणं चूक आहे. शहरातला ई-कचरा दारोदार जाऊन गोळा करणारी दुसरी यंत्रणाच नाही. तो रोख पैसे देतो, जिना चढून वर येतो, चालू होणारी वस्तू दुरुस्तीवाल्याकडे पोचवतो. आचोळ्याच्या दुकानांत जुन्या मोबाइलचा डिस्प्ले दुसऱ्या मोबाइलला बसतो, तोही कचरा टाळण्याचाच मार्ग आहे. दुरुस्ती झाली तर यंत्राला आणखी चार वर्षं मिळतात, आणि तेवढा फायदा कोणताही पुनर्वापर कारखाना देऊ शकत नाही. बिघडते ती पुढची पायरी. दुरुस्त न होणारा बोर्ड भोयदापाड्याला जायला हवा, पण तो एका हातातून दुसऱ्या हातात विकला जात तिकडे पोचतो जिथे ॲसिड आहे.

कारण पैशात आहे. अधिकृत कारखान्याला यंत्रसामग्री, धूळ ओढणारी यंत्रणा, कामगारांचा विमा, घातक कचऱ्याची विल्हेवाट असा सगळा खर्च असतो. जाळणाऱ्याला यातलं काहीच नसतं, म्हणून तो भंगाराला जास्त भाव देऊ शकतो. त्यात बोर्डमधले धातू नीट काढणं फार खर्चिक काम आहे. बेल्जियममध्ये होबोकेनला उमिकोर कंपनीची भट्टी अशा मालातून सतरा प्रकारचे धातू वेगळे करते. तेवढ्या ताकदीच्या भट्ट्या जगात मोजक्याच आहेत. गल्लीतला ॲसिडवाला काढतो ते सोनं आणि तांबं, तेही अर्धवट. बाकीचे धातू कायमचे वाया जातात.

जगाचा आकडा पाहिला तर छाती दडपते. ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर’च्या 2024 च्या अहवालानुसार 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला 22.3 टक्केच रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2021-22 साठी 21 प्रकारच्या उपकरणांचा हिशेब मांडला. तेव्हा सुमारे 16 लाख टनांपैकी 5 लाख 27 हजार टन अधिकृत वाटेने गेले होते. म्हणजे एक तृतीयांश.

कायदा आता बराच पुढे आला आहे. 2011 चे पहिले नियम 1 मे 2012 पासून लागू झाले, 2016 मध्ये बदलले, आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नव्या नियमांत 106 प्रकारची उपकरणं आली. टीव्ही किंवा फोन बनवणाऱ्या कंपनीला विकलेल्या मालाच्या ठरावीक हिश्श्याएवढा जुना माल पुनर्वापरात गेल्याची प्रमाणपत्रं नोंदणीकृत कारखान्यांकडून विकत घ्यावी लागतात. हा हिस्सा 2023-24 साठी 60 टक्के होता आणि 2027-28 पासून 80 टक्के होणार आहे. प्रमाणपत्रं मिळतात ती सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंवर. बाकी धातूंना या हिशेबात स्थान नाही, ही त्यातली मोठी उणीव आहे.

याच नियमांत एक कलम वसई-विरारसाठी फार मोलाचं आहे. ज्याचा निर्माता सापडत नाही असा ई-कचरा आणि घरगुती कचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा करून नोंदणीकृत कारखान्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी शहरांच्या स्थानिक संस्थांवर टाकली आहे. नालासोपारा जिच्या हद्दीत येतं त्या वसई-विरार महापालिकेची कचराभूमीही योगायोगाने गोखिवऱ्याजवळ भोयदापाड्यालाच आहे, जिथे उन्हाळ्यात आगी लागतात आणि धूर वस्तीवर पसरतो. एकाच पाड्यात एकीकडे ई-कचरा उकलणारा कारखाना आणि दुसरीकडे मिसळलेल्या कचऱ्याचा डोंगर. घरातल्या बादलीत पडलेला चार्जर, सेल किंवा बिघडलेला रिमोट त्या डोंगरात जातो, कारखान्यात नाही.

कचऱ्यासाठी जागा राखणं या शहराला जमलेलं नाही. आचोळ्यातच डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षित जमिनीवर 41 बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशानंतर 2024 च्या अखेरीपासून त्या पाडल्या गेल्या. फसवले गेलेले हजारो रहिवासी बेघर झाले. ई-कचऱ्याच्या संकलनासाठी मात्र अशी एकरभर जमीन लागत नाही. कुलूप लागेल अशी एक खोली, वजनकाटा आणि पावतीपुस्तक पुरे.

महापालिकांनी मनावर घेतलं तर काय होतं, हे जपानने दाखवलं. एप्रिल 2017 ते मार्च 2019 या काळात तिथे 1,621 पालिकांनी लोकांकडून जुनी उपकरणं गोळा केली. 78,985 टन माल जमला आणि एका मोबाइल कंपनीच्या दुकानांतून 62 लाख फोन आले. त्यातून निघालेल्या 32 किलो सोन्यात आणि चांदी-कांस्यात टोकियो ऑलिंपिकची सगळी पदकं घडली. लोकांनी माल आणून दिला तो जमा करण्याची सोय घराजवळ होती म्हणून.

आपल्याकडेही सुरुवात घराजवळूनच व्हायला हवी. महापालिकेने आचोळ्यासह प्रत्येक प्रभाग कार्यालयात ई-कचऱ्याची खिडकी उघडावी, महिन्यातला एक ठरलेला रविवार जाहीर करावा आणि हातगाडीवाल्यांना ओळखपत्र देऊन बोर्ड, बॅटऱ्या व पिक्चर ट्यूबसाठी ठरावीक दर द्यावा. तो दर प्रमाणपत्रं घेणाऱ्या कंपन्यांच्या पैशातून देता येईल. आणि वाचकांनी या पावसाळ्याआधी घरातला जुना माल काढावा. फोनमधलं सिम आणि माहिती काढून घ्यावी, सुट्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावावी, फुगलेल्या बॅटरीला टाचणीही लावू नये. माल देताना समोरच्याकडे नोंदणी क्रमांक आणि पावती मागावी. सोसायटीने दहा-बारा घरांचा माल एकत्र केला तर गाडी दारात बोलावणंही परवडतं. कारखाना जवळच आहे, तिथवर माल पोचवण्याचं काम आपण आणि महापालिकेने मिळून करायचं आहे.