असेंबल्ड की ब्रँडेड? संगणक खरेदीतले गैरसमज आणि वस्तुस्थिती

दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशाची धावपळ आटोपली की बऱ्याच घरांत संगणकाचा विषय निघतो. तयार ब्रँडेड पीसी घ्यायचा की सुटे भाग घेऊन असेंबल करायचा? मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एक चक्कर मारली तरी दुकानागणिक वेगळा सल्ला मिळतो, घरी आल्यावर नातेवाइकांचा आणखी एक. घरखर्चातून वाचवलेले हे पैसे असतात आणि ते एकदाच खर्च होणार असतात. ऐकीव गोष्टींवर ते सोपवणं योग्य नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. आपल्याकडे असेंबल्ड पीसी घेणारे बहुतेक लोक भाग स्वतः निवडतात किंवा जाणकाराकडून यादी करून घेतात आणि जोडणी दुकानदाराकडून करवून घेतात. त्यामुळे संगणक कोणी जोडला हा प्रश्न दुय्यम आहे. आत नेमके कोणते भाग बसवले आहेत आणि त्यांची नावं बिलावर आली आहेत का, हे पाहणं महत्त्वाचं.

गैरसमज १: असेंबल्ड पीसी नेहमीच स्वस्त पडतो.

वस्तुस्थिती: काम काय आहे त्यावर ते ठरतं. टॅली, ऑनलाइन फॉर्म, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास एवढ्यासाठी संगणक हवा असेल, तर ब्रँडेड डेस्कटॉप किंवा मिनी पीसी बऱ्याचदा स्वस्तात मिळतो. मोठ्या कंपन्या प्रोसेसर आणि विंडोजचे परवाने घाऊक भावात घेतात, तो भाव आपल्याला कधीच मिळणार नाही. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी डिझाइन किंवा गेमिंगसाठी मात्र असेंबल्ड सहसा सरस ठरतो, कारण पैसा ज्या भागावर लावायला हवा त्याच भागावर लावता येतो.

बाजाराची वेळही पाहावी लागते. २०२१ मध्ये चिपटंचाई आणि क्रिप्टो मायनिंग यांमुळे ग्राफिक्स कार्डांचे भाव इतके चढले होते की सुटं कार्ड घेण्यापेक्षा ते बसवलेला तयार पीसी घेणं अनेकदा परवडत होतं. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅम महागली. म्हणून ज्या दिवशी खरेदी करायची, त्या आठवड्यातले दोन्हीकडचे भाव काढून बेरीज करावी.

गैरसमज २: आय-७ आहे म्हणजे पीसी फास्टच असणार.

वस्तुस्थिती: आय-३, आय-५, आय-७ हे नुसते आकडे अर्धवट माहिती देतात. त्यापुढचा क्रमांक प्रोसेसरची पिढी सांगतो. २०१३ चा आय-७ ४७७० आणि २०२२ चा आय-३ १२१०० या दोन्हींत चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत, पण कामाच्या वेगात नवा आय-३ बराच पुढे आहे. वापरलेले ब्रँडेड पीसी ‘आय-५, १६ जीबी’ एवढ्याच जाहिरातीवर विकले जातात, तिथे हे विशेष लक्षात ठेवावं. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर अधिकृतपणे चालतात. सहाव्या-सातव्या पिढीचं यंत्र स्वस्त मिळालं, तरी हा हिशेब आधी करावा.

प्रोसेसरच्या नावाअखेरचं अक्षरही वाचावं. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल, तर त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवल्याशिवाय मॉनिटरवर काहीच दिसणार नाही.

गैरसमज ३: ब्रँडेड म्हणजे आतला प्रत्येक भाग उत्तम.

वस्तुस्थिती: कंपन्यांच्या व्यावसायिक डेस्कटॉपची बांधणी खरोखर चांगली असते आणि ते वर्षानुवर्षं चालतात. घरगुती मॉडेलांत मात्र जाहिरातीत न येणाऱ्या जागी काटकसर होऊ शकते: रॅमची एकच स्टिक, साधा कूलर, जेमतेम पुरेल एवढा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा). एकूण १६ जीबी रॅम घेताना ८-८ च्या दोन स्टिक योग्य जागी बसवल्या, तर ती ड्युअल चॅनेलमध्ये चालते. अंगच्या ग्राफिक्सवर काम करताना हा फरक स्पष्ट जाणवतो.

शिवाय काही ब्रँडेड पीसींचा मदरबोर्ड आणि एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो. १९९५ मध्ये इंटेलने आणलेल्या एटीएक्स मापामुळे एका कंपनीचा बोर्ड दुसरीच्या कॅबिनेटमध्ये सहज बसतो. कंपनीचं माप वेगळं असेल, तर वॉरंटीनंतर एसएमपीएस गेल्यावर बाजारातला कोणताही घेऊन चालत नाही.

गैरसमज ४: असेंबल्डला वॉरंटी नसते.

वस्तुस्थिती: असते, आणि ती प्रत्येक भागाची वेगळी असते. बॉक्स पॅक प्रोसेसरला ३ वर्षं, मदरबोर्डला बहुधा ३ वर्षं, एसएसडीला ३ ते ५ वर्षं. रॅम आणि चांगल्या एसएमपीएसला काही कंपन्या १० वर्षांपर्यंतही देतात. घरगुती ब्रँडेड पीसीला सहसा १ वर्षाची असते, वाढवायची तर वेगळे पैसे भरावे लागतात.

सोय मात्र ब्रँडेडकडे जास्त. ऑनसाइट वॉरंटी असेल तर एक फोन केला की माणूस घरी येतो. असेंबल्डमध्ये बिघडलेला भाग शोधायचा, काढायचा, सर्व्हिस सेंटरला द्यायचा आणि बदली येईपर्यंत थांबायचं. पुण्या-मुंबईत हे जमून जातं. तालुक्याच्या गावी कुरिअर आणि प्रतीक्षा दोन्ही धरून चालावं. ज्याचं रोजचं पोट संगणकावर आहे, त्याने हा मुद्दा किमतीइतकाच तोलावा.

प्रोसेसर ‘ट्रे’ म्हणून सुटा विकला जात असेल, तर त्याला बॉक्सवाली कंपनी वॉरंटी मिळत नाही. दुकानदाराच्या शब्दावरच ती असते.

गैरसमज ५: असेंबल्ड पीसीला हात लावला की करंट बसतो.

वस्तुस्थिती: कॅबिनेटला हात लागल्यावर झिणझिण्या आल्या की दोष असेंबल्डवर टाकला जातो. बहुतेक वेळा कारण घरातल्या अर्थिंगमध्ये असतं. एसएमपीएसमध्ये विजेतला व्यत्यय गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून धातूच्या कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल, तर त्यांतून येणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. ते नसेल, तर कॅबिनेटवर मेन्सच्या साधारण निम्मा दाब उभा राहतो आणि आपल्या हाताला तो जाणवतो. ब्रँडेड पीसीही त्या प्लगवर लावला तर हेच होऊ शकतं. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, तीन पिनांचा प्लग दोन पिनांत अडकवू नका. जोरात झटका बसला, तर मात्र पीसी लगेच बंद करून तपासून घ्या.

पैसे वाचवू नयेत असा एकच भाग सांगायचा झाला, तर तो एसएमपीएस. स्वस्त एसएमपीएसच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट लिहिलेलं असतं. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर असेल, तर गुणाकार करा: १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांना मुख्यतः हीच १२ व्होल्टची वीज लागते. खरी ताकद एवढीच. ‘८० प्लस’ प्रमाणपत्र असेल तर भाराच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर किमान ८० टक्के कार्यक्षमता तपासलेली असते.

गैरसमज ६: पीसी जोडायला इंजिनिअरच लागतो.

वस्तुस्थिती: सोल्डरिंग कुठेच नसतं, एक चांगला स्क्रूड्रायव्हर पुरतो. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि प्रोसेसर अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. रॅमची खाच जुळली की ती ‘कट्’ आवाज करून बसते. डीडीआर४ ची खाच डीडीआर५ पेक्षा वेगळी असल्याने चुकीची रॅम बसतच नाही. पॉवर बटणाच्या बारीक वायरी मात्र मॅन्युअल उघडूनच लावाव्यात. सर्वाधिक जपायचं ते सॉकेटच्या पिनांना. त्या वाकल्या तर वॉरंटी सहसा मिळत नाही. ही धास्ती वाटत असेल, तर जोडणी दुकानदाराकडे द्यावी आणि समोर उभं राहून पाहावी.

गैरसमज ७: असेंबल्ड घेतला की पुढे काहीही बदलता येतं.

वस्तुस्थिती: रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड सहसा बदलता येतात. प्रोसेसरची मर्यादा सॉकेट ठरवतं. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या २०१७ मधल्या अनेक बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चे प्रोसेसरही चालले. इंटेलच्या एलजीए १७०० वर १२ ते १४ या पिढ्या बसतात, २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी मात्र नवा बोर्डच घ्यावा लागतो. पुढे प्रोसेसर बदलायचा विचार असेल, तर सॉकेट आजच विचारून घ्यावं.

गैरसमज ८: दुकानदाराने विंडोज ‘टाकून दिली’ म्हणजे ती आपली झाली.

वस्तुस्थिती: परवान्याशिवाय टाकलेली विंडोज बेकायदा असते आणि क्रॅकबरोबर मालवेअरही येऊ शकतं. ब्रँडेड पीसीसोबत येणारा ओईएम परवाना त्या यंत्राशीच बांधलेला असतो. सुटा घेतलेला रिटेल परवाना नव्या पीसीवर नेता येतो. दोन्ही पर्यायांची तुलना करताना ही रक्कम असेंबल्डच्या बेरजेत धरावीच. ती नको असेल, तर लिनक्स मोफत आणि कायदेशीर आहे.

निर्णय कसा घ्यावा?

साधं काम, मर्यादित बजेट आणि दुरुस्तीची दगदग नको असेल, तर ब्रँडेड घ्यावा. जड काम आणि टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याचा विचार असेल, तर असेंबल्ड.

कोटेशन कुठलंही असो, त्यात प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, मदरबोर्डचं मॉडेल, रॅमचा प्रकार आणि स्टिकची संख्या, एसएसडीचं मॉडेल, एसएमपीएसची कंपनी आणि वॉट लिहून मागा. जीएसटी बिल सीरियल नंबरसह घ्या, खोकी जपून ठेवा. हे लिहून द्यायला जो दुकानदार तयार नसेल, त्याच्याकडून कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.