एका मास्तरांचे तीन अवतार

गेल्या पंधरवड्यात छत्रपती संभाजीनगरी घरबसल्या मी तीन चित्रपट पाहिले. तिन्हींतील मास्तर मात्र एकच. हाइनरिख मान यांच्या १९०५ च्या कादंबरीवरून १९३० साली जर्मनीत 'ब्लू एंजल' निघाला. कडक शिस्तीचा शिक्षक रात्री रंगशाळेत रमणाऱ्या विद्यार्थ्यांना पकडावयास जातो, तेथील गायिकेवर भाळून विदूषक बनतो आणि अखेरीस आपल्या जुन्या वर्गातील टेबल कवटाळून प्राण सोडतो. १९५९ साली हॉलिवुडने हीच कथा रंगीत केली, परंतु मास्तरांना वाचविले. हा अनुग्रह मला रुचला नाही. शोकांतिकेचा कणाच त्याने मोडतो.

व्ही. शांताराम यांचा १९७२ चा 'पिंजरा' निराळा. रंगशाळेच्या जागी तमाशाचा फड आला, हा बदल वरवरचा. खरा फेर पुढेच आहे. गुरुजींचा खून झाला असे समजून गावकरी त्यांचा पुतळा उभारतात, आणि डॉ. श्रीराम लागूंनी रंगविलेले जिवंत गुरुजी स्वतःच्याच खुनाचा आरोप निमूटपणे पत्करतात. खरे सांगावे, तर गावाची श्रद्धा ढळावयाची! जर्मन मास्तरांची अब्रू गेली. येथे अब्रू राहते, माणूस जातो. पण शिष्यांना असत्याच्या आधाराने सन्मार्गावर ठेवणे हे शिक्षकाचे काम काय? मी जन्मभर खडू झिजविला, तरी या प्रश्नापाशी चार दिवस अडून बसलो आहे.