वर्तन, हृदय आणि मस्तिष्क

मनाचे अधिष्ठान कोणते, हा प्रश्न आपल्या शास्त्राला नवा नाही. सुश्रुताचार्यांनी हृदयास चेतनास्थान म्हटले. भेलसंहितेने मनाचे स्थान शिर व तालू यांच्या मध्ये सांगितले. ग्रीसमध्येही ॲरिस्टॉटल हृदयाच्या पक्षाचा, तर हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील अपस्मारावरील ग्रंथ मेंदूच्या पक्षाचा होता.

पुढील पुरावा रुग्णांनीच दिला. १८४८ साली अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात रेल्वेमार्गाच्या कामावरील मुकादम फिनियस गेज याच्या कवटीतून सुरुंग ठासण्याची लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला; परंतु पूर्वीचा जबाबदार मनुष्य चंचल व उर्मट झाला, अशी नोंद डॉ. हार्लो यांनी १८६८ मध्ये प्रसिद्ध केली. १८६१ मध्ये पॅरिस येथे डॉ. ब्रोका यांनी वाचा गमावलेल्या रुग्णाच्या मेंदूच्या डाव्या अग्रभागातील विकृती दाखवून दिली.

यावरून आम्हांस वैद्यबंधूंना एवढेच सुचवावयाचे आहे की, स्वभाव अकस्मात पालटलेला रुग्ण आल्यास उन्मादाचे निदान करण्यापूर्वी डोक्यास मार, झटके, ज्वर व वाचादोष यांची चौकशी अवश्य करावी आणि शंका येताच मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. औषधालयचालकांनीही केवळ नातेवाइकांच्या सांगण्यावरून मेध्य योग देऊन त्यांची बोळवण करू नये. तेथे गेलेला वेळ परत मिळत नाही.