कानाची साक्ष आणि मापाची सचोटी

किराणा दुकानात तांदूळ घेणाऱ्याला तराजूचा काटा दिसतो. कापड घेणाऱ्यासमोर मीटरपट्टी असते. या मापांवर शासनाचा शिक्का असतो आणि त्यांत खोट निघाल्यास दुकानदार शिक्षेस पात्र ठरतो. परंतु काही वस्तू अशा आहेत, की त्यांचे माप घेण्याचे साधन सामान्य ग्राहकाजवळ नसते. संगीत ऐकण्यासाठी घेतली जाणारी उंची ध्वनियंत्रे ही अशीच वस्तू होय. तेथे ग्राहक विकत घेतो तो निर्मात्याचा शब्द. हा शब्द कितपत खरा असतो, हा प्रश्न केवळ धनिकांच्या हौसेचा नाही. तंत्रविद्या आणि सचोटी यांच्या परस्परसंबंधाचा तो प्रश्न आहे.

अमेरिकेत स्टीरिओ संच घरोघरी पोचले तेव्हा त्यांच्याबरोबर वॅटच्या आकड्यांची चढाओढही सुरू झाली. ॲम्प्लिफायर क्षणार्धापुरती जी कमाल शक्ती देई, तीच त्याची शक्ती म्हणून जाहिरातीत झळके. अखेर 1974 मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला. शक्ती सांगायची ती सलग सरासरी शक्ती. तिच्यासोबत किती ओहमचा भार, कोणत्या कंप्रतेपासून कोणत्या कंप्रतेपर्यंत आणि जास्तीत जास्त किती विकृती, हेही सांगावयाचे. मोजणीपूर्वी यंत्र तासभर चालवून तापवण्याची अटही त्यात होती. तथापि मोजणीच्या काही अटी निर्मात्याच्या मर्जीवर राहिल्या आणि दोन यंत्रांची तुलना करणे ग्राहकाला अवघडच राहिले. म्हणून 2024 मध्ये या नियमात सुधारणा झाली आणि 8 ओहमचा भार व 20 ते 20,000 हर्ट्झचा पट्टा सर्वांस समान ठरला. नियम होऊनही पळवाट बुजवायला पन्नास वर्षे लागली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आपल्याकडेही कॅसेटच्या जमान्यात ‘पी.एम.पी.ओ.’ या चार अक्षरांनी पुष्कळांना भुलवले. संचाच्या दर्शनी भागावर हजार-हजार वॅटचे आकडे छापलेले असत. या मापाला कोणत्याही सर्वमान्य मानकाचा आधार नव्हता. त्याच संचाच्या पाठीमागे तो किती वीज घेतो, हे लहान अक्षरांत लिहिलेले असे. पन्नास-साठ वॅट वीज घेणारे यंत्र सलग हजार वॅट देऊ शकत नाही, हे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकलेल्या शाळकरी मुलालाही कळावे. परंतु खरेदीच्या वेळी संच उलटा करून पाहतो कोण?

स्वस्त संचांचा विक्रेता आकडे फुगवतो, तर उंची यंत्रांचे काही निर्माते आकड्यांनाच तुच्छ लेखतात. आमचे यंत्र मोजमापांनी नव्हे, कानांनी पारखा, असे ते सांगतात. या म्हणण्यात तथ्यांश आहे, कारण संगीताचा आस्वाद शेवटी कानच घेतो. परंतु कान हा निर्भेळ साक्षीदार आहे काय? हरमन या अमेरिकी कंपनीतील संशोधक फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. तेच स्पीकर, तेच श्रोते. एकदा स्पीकर पडद्याआड, एकदा डोळ्यांसमोर. पडद्याआड दिलेले गुण आणि उघड्यावर दिलेले गुण यांत लक्षणीय फरक पडला. स्पीकरचा आकार, किंमत आणि त्यावरील नाव यांनी कानाचा निर्णय फिरवला. अनुभवी श्रोतेही त्यास अपवाद ठरले नाहीत. यात श्रोत्यांचा अप्रामाणिकपणा नव्हता. त्यांना खरोखरच तसे ऐकू आले होते. ग्राहकाची ही स्वाभाविक दुर्बलता ठाऊक असल्यानेच निर्मात्याची जबाबदारी वाढते.

दैवाचा खेळ असा, की याच हरमन समूहातील लेक्सिकन या प्रतिष्ठित नावाखाली पुढे एक ब्लू-रे प्लेअर बाजारात आला. त्याची किंमत साडेतीन हजार डॉलर होती. 2010 च्या आरंभी परीक्षकांनी त्याचे झाकण उघडले, तेव्हा जाड ॲल्युमिनियमच्या पेटीत ओप्पो या दुसऱ्या कंपनीचे सुमारे पाचशे डॉलरांचे यंत्र सांगाड्यासकट बसवलेले आढळले. ते मूळ यंत्र वाईट नव्हते. उलट त्याचा लौकिक चांगला होता. परंतु ग्राहकाने वाढीव पैसे मोजले ते श्रेष्ठ तंत्रज्ञान मिळेल या समजुतीने. त्याच्या हाती पडली ती मुख्यतः पेटी.

याहून बोधप्रद प्रकरण 2022 मधील आहे. कॅलिफोर्नियातील मोबाइल फिडेलिटी ही कंपनी मूळ फितीवरून काढलेल्या तबकड्यांसाठी विख्यात आहे. डिजिटल ध्वनीचा तिटकारा असलेले रसिक तिच्या काही तबकड्यांसाठी सव्वाशे डॉलर मोजत. त्या वर्षी उघड झाले, की 2011 पासून तिच्या अनेक तबकड्या आधी डिजिटल प्रत करून मगच कोरल्या जात होत्या. कंपनीला क्षमा मागावी लागली. प्रकरण न्यायालयात गेले आणि 2023 मध्ये ग्राहकांना पैसे परत करण्याची तडजोड झाली. विशेष हे, की या तबकड्यांची सर्वाधिक वाहवा डिजिटलद्वेष्ट्या रसिकांनीच केली होती. म्हणजे डिजिटल टप्प्याने संगीत बिघडले नव्हते; बिघडला होता तो विश्वास. खरे सांगण्यात तांत्रिक कमीपणा काहीच नव्हता, तरीही ते सांगितले गेले नाही.

अशा व्यवसायात सचोटी अशक्य आहे असे मात्र नाही. बाहेरील ध्वनिक्षेपणाच्या गाड्यांतील तोकड्या जागेसाठी बी.बी.सी.च्या अभियंत्यांनी 1970 च्या दशकात ‘एल.एस. 3/5 ए’ हा छोटा स्पीकर घडवला. अनेक कंपन्यांना तो बनवण्याचा परवाना मिळाला. पण कोणीही बनवला तरी तो ठरलेल्या मर्यादेत मूळ नमुन्यासारखाच वाजला पाहिजे, हा दंडक होता. पुढे त्यातील घटक मूळ मापांपासून ढळू लागल्याचे लक्षात आले, तेव्हा 1980 च्या दशकाच्या अखेरीस विद्युतजोडणीच बदलून नवे मानक ठरवण्यात आले. दोष झाकून नाव टिकवण्यापेक्षा दोष मान्य करून माप टिकवले गेले.

मोजमापाने संगीताचा सारा अनुभव सांगता येत नाही, हे खरे. परंतु म्हणून मोजमाप दडवण्याचा अधिकार कोणासही मिळत नाही. सुबक पेटीसाठी, कारागिरीसाठी किंवा नावासाठी जादा दाम घेण्यासही कोणाची हरकत नसावी. मात्र दाम कशाचे घेतले जाते हे स्पष्ट असावे. यंत्राची सलग शक्ती किती, विकृती किती, आतील भाग कोणी बनवले, एवढे प्रत्येक निर्मात्याने जाहीर करावे आणि त्रयस्थाला ते तपासू द्यावे. ग्राहकानेही यंत्राचे मोल ठरवताना किमतीचा आकडा बाजूस ठेवावा आणि हे चार आकडे मागावेत. जो निर्माता ते देण्यास टाळाटाळ करतो, त्याच्या दुकानातून रिकाम्या हाताने परतण्यात नुकसान काहीच नाही.